आमच्या गावची मशीद

देवळांविषयी लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. देवळाचे उत्पन्न, गुरवाचा मान, उत्सवाचा खर्च, पालखीचे भांडण या गोष्टी आपल्या घरांतून लहानपणापासून कानांवर पडतात. मशिदीविषयी मात्र सुशिक्षित घरांतून जे बोलले जाते ते बहुधा वर्तमानपत्र वाचून बोललेले असते. मशीद म्हणजे भोंगा, मशीद म्हणजे मिरवणुकीच्या वाटेवरचे भांडण, मशीद म्हणजे निवडणुकीच्या दिवसांतली कुजबुज. याच्या पलीकडे मशिदीचा एक संसार असतो, तिला दिवाबत्ती लागते, पाणी लागते, तिची कौले गळतात, तिच्या हिशेबात आठ आण्यांची चूक निघून दोन भाऊ वर्षभर अबोल राहतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. माझे सारे आयुष्य कोकणातील एका खाडीकाठच्या गावी मास्तरकी करण्यात गेले. शाळेपासून मशीद हाकेच्या अंतरावर. तेव्हा तिच्याविषयी जे पाहिले, ऐकले व वाचले ते क्रमाने सांगावे असा विचार आहे.

आरंभ थोडा दुरून करतो. मी संस्कृताचा विद्यार्थी. मशिदीच्या संसाराचे पहिले नीटस चित्र मला कोणत्या फारशी बखरीत न मिळता एका संस्कृत शिलालेखात मिळाले, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. सौराष्ट्रात सोमनाथाजवळ वेरावळ येथे हा लेख आहे. इसवी सन १२६४ मधील. त्या वेळी गुजरातेत वाघेला वंशाचा अर्जुनदेव राज्य करीत होता. होर्मुझ बंदराचा नूरुद्दीन फिरोज नावाचा एक नाखवा व्यापारासाठी सोमनाथास आला. त्याने तेथील श्रीछाड नामक एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या साह्याने जमीन मिळवली आणि मशीद बांधली. लेखाचा प्रारंभ विश्वनाथास नमन करून होतो. पैगंबरास त्यात ‘बोधक’ हे विशेषण लावले आहे. कालगणना चार दिल्या आहेत: हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१. मशिदीस शब्द योजला आहे तो ‘मिजिगिति’. संस्कृताच्या तोंडी हा शब्द प्रथम आला तेव्हा मला हसू आले, पण पुढे वाचता वाचता हसू मावळले.

कारण पुढचा मजकूर म्हणजे शुद्ध घरखर्चाची यादी आहे. मशिदीस एक तेलघाणा व दोन दुकाने यांसारखे उत्पन्न लावून दिले. त्यातून दररोज दिव्याचे तेल, पाणी, नमाज पढविणारा, बांग देणारा, दरमहा कुराण वाचणारा यांचा खर्च चालावा; दर्यावर्दी लोकांच्या विशेष रात्रींचे उत्सव व्हावेत; दरवर्षी चुन्याची सफेदी आणि पडझडीची दुरुस्ती व्हावी; आणि इतके करून जे उरेल ते मक्का-मदिनेस पाठवावे. हे सारे पाहावे कोणी? तर जहाजवाल्यांच्या, तेल्यांच्या, चुना करणाऱ्यांच्या ‘जमाथां’नी. जमात हा शब्द सातशे साठ वर्षांपूर्वीच संस्कृतात येऊन बसला होता तो असा. आमच्या गावच्या मशिदीची वही मी पुढे पाहिली तेव्हा रकाने तेच होते. तेलाच्या जागी विजेचे बिल आले होते एवढेच.

कोकणचा संबंध तर याहूनही जुना. अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या ९१६ च्या सुमारास, चौलास आला होता. तेव्हा उत्तर कोकणात झंझ नावाचा शिलाहार राजा होता. चौलात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असून त्यांचे तंटे सोडविण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख राजाने नेमलेला असे, असे त्याने लिहून ठेवले आहे. आणि पालघर जिल्ह्यात चिंचणी येथे जे ताम्रपट सापडले त्यांतील शके ८४८ च्या, म्हणजे इसवी सन ९२६ च्या, ताम्रपटात राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या अमलाखाली संजाण प्रांताचा अधिकारी एक अरब होता असे म्हटले आहे. महंमद हे त्याचे नाव संस्कृतात ‘मधुमति’ असे झाले आहे. त्याच्या अनुमतीने तेथे भगवती देवीच्या मठिकेस जमिनीचे दान झाले! देवीच्या मठास अरब अधिकाऱ्याची अनुमती आणि नाखव्याच्या मशिदीस विश्वनाथाचे नमन, हे दोन्ही आमच्या पश्चिम किनाऱ्यावर घडले आहे. पुढे याच किनाऱ्यावर फोडाफोडी व जाळपोळही झाली. ती कोणी नाकारू नये. परंतु इतिहास शिकविताना एकच पान उघडायचे व दुसरे चिकटवून ठेवायचे ही रीत शाळामास्तरास शोभत नाही. शिवछत्रपतींची मनसोक्त निंदा करणाऱ्या खाफीखानानेही, त्यांनी मशिदीस, कुराणास व कोणाच्याही स्त्रीस उपद्रव होऊ न देण्याचा नियम घातला होता, हे लिहून ठेवलेच आहे.

आता माझ्या गावाकडे वळतो. मंडणगड तालुक्यात सावित्री नदी बाणकोटापाशी समुद्रास मिळते. त्या खाडीच्या दक्षिण अंगास डोंगराच्या कुशीत आमचे गाव. वर आमची ब्राह्मणआळी व देऊळ, मध्ये कुणबीवाडी, खाली पाण्यालगत मुसलमान मोहल्ला. मोहल्ल्यातील लोक कोकणी मुसलमान. त्यांची आडनावे आमच्यासारखीच गावांवरून पडलेली, घरची बोली कोकणी मराठी, नमाजाची अरबी आणि शाळेची उर्दू किंवा मराठी. घाटावर मुलाणी हा गावगाड्यातला एक बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या आपल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात त्याची गणना केली आहे. आमच्याकडे तसे नाही. येथला मुसलमान मुख्यतः दर्यावर्दी. विलायती आगबोटींवर खलाशी, टंडेल, सारंग म्हणून त्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. कोणी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला स्थायिक झाले. आणि १९७० नंतर तरुणांचा लोंढा आखाती देशांकडे लागला.

मशीद जांभ्या दगडाची, उतरत्या कौलांची, लाकडी खांबांची. दुरून पाहणाऱ्यास ती एखाद्या सुखवस्तू खोताची पडवीच वाटावी. मनोरा नाही, घुमट नाही. आत मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यास मेहराब म्हणतात. तो मक्केची दिशा दाखवितो. आम्ही सायंसंध्येस पश्चिमेकडे तोंड करून बसतो तेव्हा खाली मोहल्ल्यातही रांगा त्याच दिशेस उभ्या असतात. अंगणात पाण्याचा हौद आहे. हातपाय, तोंड धुऊन, चूळ भरून आत जायचे हा नियम आचमनाची सवय असलेल्या माणसास समजावून सांगावा लागत नाही.

पाच वेळच्या बांगेने गावाचा दिवस बांधला गेला होता. फजरच्या बांगेस कुणबी औत जोडी, जोहरच्या बांगेस माझी मुले पाटीवरून मान वर करीत. मगरिबच्या बांगेस आई देवापाशी निरांजन लावी. घड्याळ नव्हते तेव्हाही आणि ते आल्यावरही. असरची वेळ ठरविण्याची रीत मला विशेष आवडली. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत. त्यांच्या मते मध्यान्हीची मूळ छाया वजा करून कोणत्याही वस्तूची छाया त्या वस्तूइतकी झाली की असर लागला. हनफी पंथाच्या प्रसिद्ध मताप्रमाणे ती दुप्पट व्हावी लागते. आपल्या ज्योतिषग्रंथांतील शंकुच्छाया ती हीच. एके वर्षी मी सातवीच्या मुलांकडून शाळेच्या अंगणात हातभर काठी रोवून महिनाभर छायेची मापे घेतली आणि मशिदीतल्या वेळापत्रकाशी ताडून पाहिली. मुलांस भूगोलही कळला आणि बांग देणारा म्हातारा गणिती आहे हेही कळले.

शुक्रवारच्या दुपारी मशिदीचे रूप निराळे होते. त्या दिवशीच्या नमाजास जुम्मा म्हणतात. आधी खुतबा, म्हणजे प्रवचन, मग नमाज. आणि नमाज संपल्यावर खरे गाव बोलू लागते. कोणाची होडी फुटली, कोणाच्या मुलाचे पारपत्र अडले, कोणत्या विधवेच्या घरी चूल पेटली नाही, हे तेथे कळते आणि तेथेच त्याची वाट लावली जाते. शाफई पंथाच्या प्रसिद्ध मताप्रमाणे जुम्मा होण्यास गावात कायम राहणारे चाळीस प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. पाहुण्यांची गणती त्यात नाही. इतर पंथांची मते याहून सैल आहेत, आणि शाफईंतही थोड्या संख्येवर चालवून घेणारे आहेत. परंतु आमच्या गावचे जुने लोक या चाळिसांच्या बाबतीत फार काटेकोर. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मशिदीच्या एका अंगास एक खोली आहे. ती उघडली म्हणजे मशीद ही नुसती प्रार्थनेची जागा नव्हे हे डोळ्यांस दिसते. भिंतीस टेकून प्रेत नेण्याची लाकडी पालखी उभी असते, तिला जनाजा म्हणतात. श्रीमंतास आणि भिकाऱ्यास तीच. तिच्या शेजारी लग्नाच्या जेवणावळीच्या तांब्याच्या मोठ्या देगी, पळे, झारे, सतरंज्या आणि पेट्रोमॅक्सचे दिवे. ज्या खोलीतून वरातीची भांडी निघतात तिच्यातूनच जनाजा निघतो. कपाटात निकाहाची नोंदवही असते. तीत मेहराची रक्कम व साक्षीदारांच्या सह्या असतात. रमजान संपताना, ईदच्या नमाजापूर्वी, घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, सुमारे अडीच-तीन किलो धान्य गरिबांस द्यावे असा नियम आहे, त्यास फितरा म्हणतात. आमच्याकडे तो तांदळाचा. कोणत्या घरी किती पोहोचवायचे याची यादी या खोलीत होते, आणि ती मोठ्याने वाचली जात नाही. घेणाऱ्याचे नाव घेणाऱ्यास व देणाऱ्यास ठाऊक, तिसऱ्यास नाही. आपल्या संस्थांच्या देणगीदारांच्या याद्या संगमरवरावर कोरण्याच्या हौसेने मी ही रीत अनेकदा ताडून पाहिली आहे.

एकदा जमातीचे कारभारी एक जुना कागद घेऊन माझ्याकडे आले. कागद मोडीत होता आणि मोहल्ल्यात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते. मी भिंग घेऊन बसलो. लिहिणारा आमच्याच आळीतला एक खोत. खाडीलगतच्या बागेतील दोन नारळी मशिदीच्या दिव्याकडे लावून दिल्या आहेत. त्यांचे फळ कोणी घेऊ नये. आणि पावसाळ्यात दिवा लागेल इतके उंडीचे तेल दरसाल घरून पोचते करावे, असा मजकूर. कारण दिलेले नव्हते. नवस असेल, शेजारधर्म असेल, खलाश्यांनी एखाद्यास पाण्यातून काढले असेल. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, खोताचे घरही पुढे मुंबईस गेले. पण त्या दोन नारळींस कोणी हात लावीत नाही. जुन्या नारळी वठल्या तेव्हा त्याच जागी नवी रोपे लावली गेली. हल्ली त्या नारळांच्या पैशातून विजेच्या बिलास हातभार लागतो. तो कागद वाचताना मला वेरावळचा तेलघाणा आठवला, हे सांगावयास नकोच.

आता ज्या गोष्टीशी माझा धंद्याने संबंध आला ती सांगतो. मशिदीत सकाळी मकतब भरे. मुले-मुली फळकुटांच्या रिहालीवर कुराण ठेवून डुलत डुलत पढत आणि तेथून परस्पर शाळेत येत. पाठांतराने त्यांची जीभ इतकी लवचिक झालेली असे की ‘ज्ञ’ आणि ‘ष’ यांचे उच्चार माझ्या आळीतल्या मुलांहून मोहल्ल्यातली मुले स्वच्छ करीत. परंतु सातवीनंतर मुली शाळेत दिसेनाशा होत. माध्यमिक शाळा तीन मैलांवर, वाट डोंगरातून, आणि हिवाळ्यात परतताना अंधार पडे. मी घरोघर गेलो. बायका चहा देत, मान डोलवीत आणि म्हणत, “गुरुजी, जमातीत विचारा.” पुरुष बहुतेक बाहेरदेशी, घरातला म्हातारा काय तो कर्ता, आणि त्यालाही एकट्याने पाऊल टाकण्याचा धीर नसे.

तेव्हा १९९३ सालच्या एका शुक्रवारी मी मशिदीच्या अंगणात गेलो. ते वर्ष कसे होते हे वाचकांस सांगणे नको. मुंबई पेटून विझली होती आणि गावोगाव माणसे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहत होती. आमच्या आळीतल्या एकदोघांनी मला जाऊ नये असे सुचविले. नमाज संपेपर्यंत मी बाहेर हौदापाशी उभा राहिलो. जमातीचे वडीलधारे एक वृद्ध सारंग होते. तीस वर्षे जहाजावर काढलेला माणूस. सारे त्यांना सारंगचाचा म्हणत. त्यांनी मला पायरीवर सतरंजी घालून बसविले आणि म्हणणे विचारले. मी म्हटले, “चाचा, यंदा सातवीत सात मुली आहेत. त्यांतल्या दोन तर वर्गात पहिल्या येणाऱ्या. त्यांची शाळा येथेच संपावी काय?”

पेशइमाम गप्प होते. एकजण म्हणाला, मुलींस दीन शिकविला की पुरे. दुसरा म्हणाला, शिकलेल्या मुलीस वर कोठला आणायचा? यावर पुष्कळ बोलणे झाले. शेवटी सारंगचाचांनी हात वर केला. ते म्हणाले, “गुरुजी, मी चार खंडांची बंदरं पाहिली. बायकोचं पत्र यायचं ते मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. आणि तिला ते दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे. आमच्या दोघांच्या मध्ये नेहमी दोन परके माणसं. शिकण्याला माझी ना नाही. पण वाटेत अंधारात पोरींचं काही झालं तर जबाबदार कोण?”

मी म्हटले, “जाताना मी. माझी बदली शेजारच्या शाळेत झाली आहे, सकाळची वाट एकच आहे.”

“आणि येताना?”

मी काही बोललो नाही. चाचांनी मागे वळून रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “येताना जमात.”

पुढल्या शुक्रवारी खुतब्यानंतर ती गोष्ट जाहीर झाली. त्यात इमामांनी भर घातली की ज्ञान मिळविणे हे दीनातच येते. पाच म्हातारे पाळीपाळीने सायंकाळी कंदील घेऊन घाटीच्या तोंडाशी जाऊन उभे राहू लागले. दोघे निवृत्त खलाशी, एक शिंपी, एक होडीवाला आणि स्वतः सारंगचाचा. सातांपैकी पाच मुली शाळेत गेल्या, दोघींचे लग्न झाले. पाचांतल्या तिघी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्या. एक आज सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. माझ्या पत्नीच्या शेवटच्या आजारात खाटेजवळ रात्रभर बसली ती हीच. या गोष्टीचे श्रेय मी घेत नाही. मी एक प्रश्न विचारला. उत्तर मशिदीच्या पायरीवर मिळाले. तेथे न मिळते तर घराघरांतून मला ते शंभर वर्षांतही गोळा करता आले नसते.

परंतु ज्या संस्थेत एका शब्दाने भले होते तिच्या एका शब्दाने वाईटही होऊ शकते. जमातीशी भांडलेल्या एका कुटुंबास सात-आठ वर्षे वाळीत टाकलेले मी पाहिले आहे. त्यांच्या घरच्या लग्नास देगी मिळाल्या नाहीत, आणि म्हातारी वारली तेव्हा जनाजा खोलीबाहेर निघण्यास दुपार झाली. आपल्या गावकीतही हेच चालत आले आहे, तेव्हा बोट दाखविण्यापूर्वी आपला हात पाहावा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो २०१६ साली. तसेच स्त्रियांचे. आमच्या मशिदीत स्त्रिया नमाजास येत नाहीत. अखिल भारतीय मुस्लिम वैयक्तिक कायदा मंडळाने २०२० साली सर्वोच्च न्यायालयास स्त्रियांस मशिदीत जाण्यास धर्माची मनाई नाही असे कळविले, तरी आमच्या खाडीपर्यंत ते वारे अद्याप आलेले नाही. चिपळुणाजवळील मिरजोळीचे हमीद दलवाई याच कोकणी समाजातले. त्यांनी १९६६ साली मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले आणि १९७७ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. सारंगचाचांस त्यांची मते मान्य नव्हती, पण त्यांचे नाव निघाले की ते म्हणत, “माणूस आमच्यातला होता, परका नव्हता.” ही दोन वाक्ये एकाच तोंडून एका दमात निघू शकतात, हेही गावात राहिल्याशिवाय कळत नाही.

२०२० साल आमच्या गावावर दुहेरी येऊन कोसळले. मार्चात टाळेबंदी झाली, देऊळ व मशीद दोन्ही बंद झाली. २५ मेची ईद लोकांनी घरोघर केली. बांग होई, पण बांगेमागून पावले वाजत नसत. अशात ३ जून रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धनापाशी किनाऱ्यास लागले. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या गावच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. माझ्या घराचे अर्धे छप्पर उडाले, देवळाचा सभामंडप बसला आणि मशिदीची कौले पत्त्यांसारखी खाडीपर्यंत गेली. कित्येक दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी मशिदीच्या विहिरीवर साऱ्या गावाची रांग लागली, कारण रहाटाने पाणी काढता येईल अशी ती एकच विहीर बुजल्यावाचून राहिली होती. मोहल्ल्यातल्या पोरांनी हाताने पाणी शेंदून वर आमच्या आळीपर्यंत पोचविले. कुणबीवाडीतल्या लोकांनी करवती आणून वाटेवरची झाडे कापली, ती देवळाच्या वाटेची कोणती व मशिदीच्या वाटेची कोणती हे पाहिले नाही.

मग दुरुस्तीचा प्रश्न निघाला. आखातातील मुलांनी दूरध्वनीवरून कळविले की पैशाची काळजी करू नका. कौले नकोत, वर पक्का स्लॅब टाका, खाली संगमरवर घाला, दोन मनोरे उभारा. म्हाताऱ्यांचे म्हणणे, बाप-आजे ज्या छपराखाली झुकले तेच छप्पर पुन्हा घाला. महिनाभर वाद चालला. अखेर पैसे कमी नव्हते म्हणून नव्हे, तर एका अगदी साध्या प्रश्नाने तो मिटला. सारंगचाचा तेव्हा नव्वदीला आले होते. त्यांनी विचारले, “मोठी मशीद बांधाल. तीत उभे कोण राहणार?” कोणाजवळ उत्तर नव्हते. कौलेच पडली. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, सरकारने प्रार्थनास्थळे उघडली तेव्हा छपराचे काम पुरे झाले होते.

तो प्रश्न मात्र छपराबरोबर मिटला नाही. त्याच पुढच्या वर्षी सारंगचाचा गेले. त्यांच्या जनाजास चार खांदे मोहल्ल्यातले होते खरे, पण घाटी चढताना बदली खांदा देण्यास आमची व कुणबीवाडीची माणसे लागली. याला कोणी ऐक्याचे दर्शन म्हणेल. म्हणो. मला त्यात दुसरेच दिसले: मोहल्ल्यात खांदे उरले नव्हते. गेल्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी मी पडवीत बसल्या बसल्या नमाजावरून परतणारे मोजले, एकतीस भरले. त्यांत दोघे सुटीवर आलेले. चाळिसांची अट पाळायची तर जुम्मा होत नाही. जुने लोक अलीकडे होडीने पलीकडच्या गावी जातात. ज्यांच्याने होडीत चढवत नाही ते येथेच नेहमीची जोहर पढतात. रमजानात व मे महिन्यात मोटारींची रांग लागते, मशीद भरते, मुले हौदात होड्या सोडतात. पण ती गर्दी पाहुण्यांची आहे आणि पाहुणा चाळिसांत धरीत नाहीत. शास्त्रकारांनी हा नियम केला तेव्हा त्यांच्या मनात काय होते ते मी जाणत नाही. पण गाव कशाने होते, याचे त्याहून नेमके माप मी दुसरे पाहिले नाही.

आमच्या देवळाची स्थिती याहून निराळी नाही. पूजेस माणूस नाही म्हणून पाळ्या लावल्या आहेत. पाळीवाले पुणे-मुंबईस राहतात आणि पैसे पाठवितात. दारांस कुलपे, अंगणांत रान. वेरावळच्या त्या नाखव्याने तेलाची तरतूद केली, चुन्याची केली, शिल्लक कोठे पाठवावी हेसुद्धा लिहून ठेवले. त्याच्या व्यवस्थेचा तो दगड पुढे वेरावळच्या हर्षद मातेच्या देवळाच्या भिंतीत आढळला. दानपत्राने पैसा बांधून ठेवता येतो, माणसे बांधता येत नाहीत. सांप्रत वक्फाच्या कायद्याविषयी देशभर मोठा वाद आहे. १९९५ चा कायदा २०२५ साली बदलला आणि मिळकतींची नोंद कोणी, कशी करावी यावर न्यायालयापर्यंत प्रकरणे गेली. मिळकतींचे काय व्हायचे ते होईल. आमच्या मशिदीची मिळकत म्हणजे एक विहीर, एक कबरस्तान, दोन नारळी आणि ती खोली. तिला वारस हवा आहे तो दिवा लावणारा.

हल्लीचा पेशइमाम बिहारातून आला आहे. कोकणी मुले या कामास येत नाहीत, कारण पगार थोडा आणि आखात जवळ. हा तरुण आला तेव्हा त्याला भाताखेरीज येथले काहीच ओळखीचे नव्हते. आता तो बाजारात मराठीत घासाघीस करतो, आणि त्याचा मुलगा आमच्या मराठी शाळेत दुसरीत आहे. शाळेचा पट अकरावर आला आहे. त्या अकरांत हा एक. परवा तो माझ्याकडे पाढे म्हणून दाखविण्यास आला होता. एकोणतीसचा पाढा त्याने न अडखळता म्हटला आणि विचारले, “गुरुजी, तिसाचा सोपा असतो ना?” मी म्हटले, “सोपा असतो, पण तो एकोणतीसच्या नंतर येतो.”

वाचकांपैकी पुष्कळांची मुळे अशाच कोणत्या तरी गावी असतील. मे महिन्यात कुलदैवतास म्हणून तुम्ही तेथे जातच असाल. पुढल्या खेपेस देवळातून परतताना खालच्या वाटेने जा. मशीद असेल तर तिच्या अंगणात कोणी म्हातारा बसलेला असेलच. त्याला तुमच्या आजोबांचे नाव सांगा. बहुधा तो उठून उभा राहील, आणि तुमच्या घरची अशी एखादी गोष्ट सांगेल जी तुम्हांस ठाऊक नाही. आमच्याकडचे तसे म्हातारे आता मोजके उरले आहेत. तेव्हा पुष्कळ वर्षे थांबण्यात अर्थ नाही.